मुखांतील कर्करोग आणि पेशींतील निरोप

पुण्याच्या वायव्येस मुळा नदीच्या कांठीं वसलेलें वाकड हें गांव तेथील म्हातोबाच्या देवस्थानामुळें पंचक्रोशींत पूर्वापार प्रसिद्ध आहे. चैत्री पौर्णिमेस हिंजवडी व वाकड या दोन्ही गांवांची यात्रा भरते, बगाड निघतें, आणि एरवीं कामांत गुंतलेलीं माणसें त्या दिवशीं एकत्र येतात. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें. ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि बैलगाड्यांच्या वाटेवरून हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांकडे मोटारींची रांग लागूं लागली. इतकें सगळें पालटलें तरी एक जुनी संवय मात्र वेष बदलून टिकून राहिली. पुणें जिल्ह्यांतील जुन्या पिढींतील गृहिणी तव्यावर तंबाखू भाजून तिची काळी मिश्री करीत व सकाळीं ती बोटानें दांतांस लावीत. शेतकरी बांधावर बसून तळहातावर चुना व तंबाखू मळीत आणि ती चिमूट गालांत धरीत. आज तींच द्रव्यें रस्त्याकडेच्या टपरींतून चकचकीत पुडींत मिळतात, आणि घेणारा शेतकरी असो कीं कारखान्यांतील कामगार, गालांतील जागा तीच असते.

त्या जागेचा इतिहास हा येथील विषय आहे. एकाच घरांत दोघे भाऊ तंबाखू खातात. एकाच्या गालांत पांढरा चट्टा उठतो, दुसऱ्याच्या उठत नाहीं. शंभरांच्या गालांत चट्टे उठले, तरी त्यांतील थोड्याच चट्ट्यांचें रूपांतर कर्करोगांत होतें. तो थोडका चट्टा कोणता, हें आधीं ओळखावें कसें? ह्या एका प्रश्नाचा माग काढीत वैद्यकशास्त्र रुग्णाच्या तोंडांतून पेशींत, पेशींतून तिच्या केंद्रकांत, आणि केंद्रकांतून बाहेर पडणाऱ्या निरोपापर्यंत कसें पोहोंचलें, ही कथा मनोरंजक तर आहेच, परंतु तिच्या शेवटीं अनेकांच्या जिवाचा प्रश्न उभा आहे.

ह्या रोगाकडे शास्त्रीय दृष्टि प्रथम वळली ती दक्षिणेकडे. मद्रासेंतील निब्लॉक या डॉक्टरानें १९०२ सालीं हिंदुस्थानांतील कर्करोगाविषयीं लिहिलें. त्रावणकोरांत बेंटॉल यांनीं १९०८ सालीं सतराशें रुग्णांचा गोषवारा प्रसिद्ध केला, आणि त्याच प्रांतांतून १९३३ सालीं ऑर यांनीं पानसुपारी खाणाऱ्यांच्या मुखरोगाचें वर्णन केलें. पाश्चात्त्य रुग्णालयांत क्वचित् दिसणारा गालाच्या आंतल्या अस्तराचा कर्करोग येथें इतका वारंवार कां आढळतो, हें कोडें तेव्हांपासून डॉक्टरांस पडलें होतें. तथापि विखुरलेल्या मिशन-रुग्णालयांतील नोंदींवरून त्याचा उलगडा होणें कठीण होतें. त्यासाठीं एक मोठें रुग्णालय, एक प्रयोगशाळा व चिकाटीनें नोंदी ठेवणारा एक पुरुष, या तीन गोष्टी एकत्र यावयास हव्या होत्या.

तो योग मुंबईस आला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. त्यांचे पति सर दोराबजी टाटा यांच्या नांवाच्या विश्वस्त निधींतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें गेलें. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं आलीं. १८९५ सालीं क्वेट्टा येथें जन्मलेले हे मराठी विकृतिशास्त्रज्ञ लंडनहून शिकून आले होते, आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें होतें. रुग्ण कोण, कोठला, काय खातो, काय ओढतो, हें विचारल्यावांचून सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा पुरता बोलत नाहीं, हें त्यांच्या संशोधनाचें मुख्य सूत्र होय. रुग्णालय उघडून तीनच वर्षें झालीं असतां, १९४४ सालीं, त्यांनीं मुंबईंतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. महायुद्धाच्या धामधुमींत, अपुऱ्या साधनांनीं, रोगाची जागा आणि रुग्णाची संवय यांची सांगड घालण्याचा तो मोठा प्रयत्न होता.

पुढें १९५५ सालीं संघवी, राव व खानोलकर यांनीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत ह्या विचाराची परिणति मांडली. तंबाखू चघळणाऱ्यांस तोंडाच्या पोकळींतील कर्करोग अधिक होतो, तर विडी ओढणाऱ्यांस जिभेच्या मुळाशीं व घशाकडे होतो, असें त्यांस आढळलें. तंबाखू जेथें टेकते किंवा तिचा धूर जेथें आदळतो तेथें रोग मूळ धरतो, इतकें सरळ हें निदान होतें. दुसऱ्याच वर्षीं टाटा रुग्णालयाचे शस्त्रवैद्य डॉ. पेमास्टर यांनीं गालाच्या अस्तराच्या कर्करोगाच्या ६५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या काळापर्यंत रोगाचें बाह्य कारण जवळजवळ हातीं आलें होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु बाह्य कारण सांपडलें म्हणजे आंतील व्यवहार कळला असें होत नाहीं. ठिणगी कोठून पडली हें कळलें, तरी घर कसें पेटलें हें कळावयाचें राहतेंच. खानोलकरांच्या शिष्यवर्गानें हें दुसरें काम हातीं घेतलें. त्यांत एक नांव पुण्याचें आहे. कमल समर्थ यांचा जन्म पुण्यांत १९१७ सालीं झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. विवाहानंतर कमल रणदिवे या नांवानें ओळखल्या जाऊं लागलेल्या ह्या विदुषीनें खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली व अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत पेशींच्या संवर्धनाचें तंत्र आत्मसात् केलें. गाय म्हणजे १९५१ सालीं मानवी कर्कपेशी शरीराबाहेर अखंड वाढविण्यांत प्रथम यशस्वी झालेले शास्त्रज्ञ. मुंबईस परतल्यावर रणदिवे यांनीं १९५२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. कांचेच्या भांड्यांत पेशी वाढवून त्यांचें वर्तन दिवसचे दिवस न्याहाळतां येऊं लागलें. त्याच केंद्रांतील डॉ. सत्यवती शिरसाट यांनीं खानोलकरांच्या सहकार्यानें तोंडाचें अस्तर कठीण होऊन जबडा उघडेनासा होतो त्या विकाराचा अभ्यास केला, आणि त्यासाठीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केला. सुपारी व हा विकार यांचें नातें पुढें निर्विवाद ठरलें. पुढें १९८८ सालीं कर्करोग संशोधन संस्थेंतील कुलकर्णी, ललिता व भिडे यांनीं मिश्रीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि दांतांस लावण्याची घरगुती भुकटी म्हणून जिला निरुपद्रवी मानीत तिच्यांतील विषारीपणा प्रयोगशाळेंत उघडा पडला.

रुग्णालयाच्या बाहेरहि प्रश्नाचा शोध चालूच होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता व कोपनहेगनचे पिंडबोर्ग यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुणें जिल्ह्यांतील खेड्यांतून घरोघर फिरून एक लाख एक हजार सातशें एकसष्ट माणसांचीं तोंडें तपासलीं. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत स्त्रियांपैकीं शेंकडा अडतीस-एकुणचाळीस मिश्री वापरीत असल्याचें दिसून आलें. त्या वेळीं वाकडहि पुणें जिल्ह्यांतील एक खेडेंच होतें. त्यानंतर एर्नाकुलम्, भावनगर व श्रीकाकुलम् या तीन जिल्ह्यांतील छत्तीस हजार तंबाखूभोक्त्यांस संवय सोडण्याचा उपदेश करून त्यांचा वर्षानुवर्षें पाठपुरावा करण्यांत आला. १९८६ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ज्यांनीं तंबाखू सोडली त्यांच्यांत नवे पांढरे चट्टे उठण्याचें प्रमाण घटलें होतें. म्हणजे आग लागण्यापूर्वीं ठिणगी दूर करतां येते, हें सिद्ध झालें. राहिला प्रश्न ज्यांच्या तोंडांत चट्टा आधींच उठला आहे त्यांचा.

येथून कथा पेशीच्या अंतर्भागांत शिरते, आणि तेथील व्यवहार समजण्यास पुण्याच्याच इतिहासांतील एक परिचित दृष्टांत उपयोगीं पडतो. पेशवाईंत शनिवारवाड्यांतील दफ्तरांत मूळ कागद जपून ठेवलेले असत. ते कोणी बाहेर नेत नसे. दूरच्या सरदारास हुकूम पाठवावयाचा झाल्यास त्याची नक्कल होई, तिच्यावर शिक्का बसे, आणि जासूद ती खलित्यांत घालून घेऊन जाई. पेशींतहि असेंच घडतें. केंद्रकांतील डीएनए हें मूळ दफ्तर होय. त्यांतील आवश्यक तेवढ्या मजकुराची नक्कल आरएनए या द्रव्याच्या रूपानें केंद्रकाबाहेर येते, आणि बाहेरच्या कारखान्यांत ती वाचून प्रथिनें तयार होतात. हा निरोप्या आरएनए १९६१ सालीं ब्रेनर, जेकब व मेसेल्सन यांच्या प्रयोगांतून ओळखीस आला.

आरंभीं असें वाटलें कीं, दफ्तर व खलिता या दोहोंचा उलगडा झाला म्हणजे सर्व राज्यकारभार कळला. परंतु राज्य चालतें तें मधल्या माणसांवर. नक्कल करणारा कारकून, ती बांधणारा, दरवाज्यावर शिक्का पाहून जासुदास आंत सोडणारा, काम झाल्यावर जुना हुकूम फाडून टाकणारा, यांतील एकहि बिघडला तर मूळ दफ्तर शाबूत असूनहि अनर्थ होतो. पेशींतील हीं मधलीं माणसें म्हणजेच आरएनएला बांधून घेणारीं प्रथिनें. निरोप किती वेळ टिकावा, कोठें जावा, किती वेळां वाचला जावा, हें तीं ठरवितात. मुख, जीभ, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगांत ह्या प्रथिनांचें वर्तन कसें बिघडतें, याचा अभ्यास गेल्या तीन दशकांत विशेष जोमानें झाला. त्यांतील तिघांची हकीकत सांगितली म्हणजे विषयाचें मर्म ध्यानीं येईल.

पहिला आहे दरवाज्यावरचा चोपदार. प्रत्येक निरोप्या आरएनएच्या माथ्यावर एक रासायनिक टोपी असते. ती ओळखून निरोपास वाचनासाठीं पुढें धाडणारें एक प्रथिन आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘ई-आय-एफ-४-ई’ म्हणतात. निरोगी पेशींत हे चोपदार थोडे असतात. त्यामुळें साधे, सुटसुटीत निरोप झटकन् आंत जातात, आणि ज्यांचें आरंभाचें टोंक गुंतागुंतीचें असतें ते बाहेर ताटकळतात. पेशीस भराभर वाढावयास सांगणारे कित्येक निरोप ह्या दुसऱ्या जातीचे असतात. चोपदारांची संख्या वाढली कीं हेहि आंत घुसतात. ह्या एकाच प्रथिनाच्या अतिरेकानें निरोगी पेशी कर्कपेशीसारखी वागूं लागते, हें माँट्रियलच्या सोनेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं दाखविलें. शस्त्रवैद्याच्या दृष्टीनें याचा अर्थ १९९७ सालीं स्पष्ट झाला. मान व मस्तकाच्या कर्करोगाची गांठ कापून काढतांना तिच्या भोंवतालचा निरोगी भासणारा कांठहि काढतात, आणि त्यांत रोग नाहीं अशी खात्री सूक्ष्मदर्शकानें करून घेतात. अमेरिकेंतील नॅथन, डी बेनेडेटी आदि संशोधकांनीं असे ‘निर्मळ’ ठरलेले कांठ पुन्हां तपासले, तेव्हां त्यांतील कांहींत हे चोपदार वाढलेले आढळले. आणि अशा रुग्णांत रोग उलटण्याचा संभव अधिक दिसला. डोळ्यांस निर्मळ दिसणाऱ्या कांठांत बंडाची तयारी आधींच झालेली असते, हा त्यांतील धडा.

दुसरा आहे जुना हुकूम न फाडणारा कारकून. लढाई सुरू झाली म्हणजे शिलेदार गोळा करण्याचा हुकूम सुटतो. लढाई संपली म्हणजे तो रद्द व्हावयास हवा. तो रद्द झालाच नाहीं तर फौज वाढतच राहील आणि शेवटीं आपलाच मुलूख लुटील. जखम भरणें, सूज येणें, पेशींनीं विभागणें यांसंबंधींचे पेशींतील निरोप असेच तात्पुरते असतात. त्यांच्या शेपटाशीं ‘लवकर नष्ट करा’ अशी खूण असते. ‘ह्यू-आर’ नांवाचें प्रथिन त्या खुणेवर जाऊन बसतें व निरोपास नष्ट होऊं देत नाहीं. निरोगी पेशींत तें बव्हंशीं केंद्रकांत असतें. कर्कपेशींत तें मोठ्या प्रमाणांत बाहेर येतें. जपानांतील होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनीं मुखकर्करोगाच्या पेशींत हें पाहिलें, आणि २०१० सालीं असेंहि दाखविलें कीं, त्या पेशींतील ह्यू-आर कमी केल्यास त्यांचें कर्कवर्तन मंदावतें.

तिसऱ्याची हकीकत आपल्याच देशांतील आहे, आणि पांढऱ्या चट्ट्याच्या मूळ प्रश्नाशीं तिचा सर्वांत निकटचा संबंध आहे. ‘एच-एन-आर-एन-पी-के’ असें लांबलचक नांव असलेलें हें प्रथिन म्हणजे आंतल्या दफ्तरांत बसणारा कारकून. त्याची नेमणूक मुख्यतः केंद्रकांत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील रंजू रल्हन, अजय मट्टा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हा कारकून कर्करोगाच्या पूर्वींच, पांढऱ्या चट्ट्याच्या अवस्थेंतच, वाढलेला आढळला. आणि ज्या रुग्णांच्या कर्कपेशींत तो केंद्रकाबाहेर सांपडला त्यांची पुढील वाटचाल बिकट ठरली. खानोलकरांच्या काळीं सूक्ष्मदर्शकाखालीं पेशीचा आकार बदललेला दिसे तेव्हां उशीर झालेला असे. येथें आकार बदलण्यापूर्वींच पेशीच्या कारभारांतील एक माणूस जागा सोडून हिंडतांना दिसूं लागला.

हा शोध मूळ दफ्तराच्या अभ्यासास पूरक आहे. मुंबईचें टाटा स्मारक केंद्र आणि बंगालमधील कल्याणी येथील जीववैद्यकीय जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था यांनीं मिळून गाल व हिरडीच्या कर्करोगांतील डीएनएची तपासणी केली व २०१३ सालीं तिचें फलित प्रसिद्ध झालें. तंबाखू दफ्तराचीं पानें कशी फाडते, हें त्यांतून दिसलें. फाटलेल्या पानांवरून निघालेले हुकूम कोण टिकवितो व कोण आंत सोडतो, हें आरएनए-बंधक प्रथिनांच्या अभ्यासांतून दिसतें.

तरीहि विवेक सोडून चालणार नाहीं. ह्या प्रथिनांपैकीं एकाहि प्रथिनाची कसोटी चट्ट्याचा निवाडा करण्यासाठीं रुग्णालयांच्या नित्य व्यवहारांत अद्याप रूढ झालेली नाहीं. शिवाय हीं प्रथिनें निरोगी पेशींसहि आवश्यक असतात. चोपदारच नाहींसा केला तर राज्यच बंद पडेल. म्हणून औषधानें त्यांस आंवरावें किती, हा नाजूक प्रश्न आहे. एका संस्थेंत थोड्या रुग्णांवर पटलेली गोष्ट दुसऱ्या प्रांतांत, दुसऱ्या संवयींच्या माणसांत तशीच पटते काय, हेंहि पुन्हां पुन्हां पाहावें लागतें.

तोंवर जुन्या उपायांची किंमत तिळभरहि कमी होत नाहीं. त्रिवेंद्रम जिल्ह्यांत आरोग्यसेवकांनीं केवळ डोळ्यांनीं तोंडें तपासलीं, एवढ्यानेंहि तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत मुखकर्करोगाच्या मृत्यूंत सुमारें एकतृतीयांश घट झाल्याचें २००५ सालीं दिसून आलें. टाटा रुग्णालयांतील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत रोग प्राथमिक अवस्थेंत असतांनाच मानेंतील गांठीहि काढलेल्या रुग्णांपैकीं शेंकडा ऐंशी तीन वर्षांनीं हयात होते. गांठी दिसेपर्यंत थांबलेल्यांत तें प्रमाण शेंकडा साडेसदुसष्ट होतें. दोन्हींचें तात्पर्य एकच, कीं ह्या रोगांत वेळ हीच औषधी आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, तीहि याच दिशेनें. पण कायदा दुकानाच्या दारापर्यंत पोहोंचतो, गालापर्यंत पोहोंचणें ज्याच्या त्याच्या हातीं असतें.

शरीराच्या आंत खोलवर दडणाऱ्या कर्करोगांहून हा रोग एका बाबतींत निराळा आहे: तो आरशासमोर तोंड उघडलें असतां दिसूं शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा तांबडा चट्टा, दिवसेंदिवस कमी उघडणारा जबडा, ह्या खुणा वाचण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. पेशींतील चोपदार व कारकून यांची भाषा शास्त्रज्ञ हळूहळू शिकत आहेत, आणि कधीं काळीं धोक्याचा चट्टा कोणता हें तिच्यावरून आधींच सांगतां येईल अशी आशा धरण्यास जागा आहे. परंतु पेशींतील निरोप वाचला जाण्याच्या कितीतरी आधीं गालावरचा चट्टा स्वतःच एक निरोप देत असतो. यात्रेहून परतणाऱ्या वाकडच्या म्हाताऱ्यानें किंवा रात्रपाळी संपवून टपरीशीं थांबलेल्या तरुणानें तो वेळीं वाचला, हातांतील पुडी खालीं ठेवली आणि दवाखान्याची वाट धरली, तर खानोलकरांनीं एक हजार रुग्णांस विचारलेल्या प्रश्नांचें चीज झालें असें म्हणतां येईल.